कोणती धातू की कोणता धातू?

इंदूरच्या एका भगिनींचा प्रश्न आहे. गणेशोत्सवात मंडळातल्या मुलांसाठी त्यांना विज्ञानाची प्रश्नमंजुषा मराठीतून काढायची आहे. मुलं शाळेत सगळं हिंदीतून शिकतात. 'कोणती धातू सामान्य तापमानाला द्रव असते?' असा पहिलाच प्रश्न त्यांनी लिहिला, तर पुण्याहून आलेल्या जाऊबाईंनी तो 'कोणता... असतो' असा करायला लावला. खरं कोणाचं? शिवाय हिंदीतले 'तत्त्व' आणि 'उपधातु' मराठीत तसेच ठेवले तर चालतील का?

जाऊबाईंचं खरं. मराठीत तो धातू. संस्कृतातही हा शब्द पुल्लिंगीच. हिंदीनं त्याला स्त्रीलिंगी केलं. आणि एकट्या धातूचीच ही गत नाही. वायू, ऋतू, मृत्यू, अग्नी, आत्मा ही सगळी मंडळी मराठीत 'तो' आणि हिंदीत 'ती' आहेत. त्यामुळे इंदुरी मराठीत धातू 'चांगली' होते, तशी सिलिंडरमधली गॅसही 'संपली' होते. घरात बोलताना कोणाचं काही अडत नाही, खुशाल बोलावं. प्रश्नपत्रिका छापायची तर मात्र पुल्लिंग.

एक गंमत मुलांना जरूर दाखवा. धातूंची नावं स्वतः कुठल्याही लिंगाची असतात: ते सोनं, ते तांबं, तो पारा, ती चांदी. सराफ्यात चांदी महागते किंवा उतरते, पण व्याख्या लिहिताना 'चांदी हा धातू आहे' असंच लिहायचं, कारण तिथे 'हा' पुढच्या 'धातू'कडे बघून येतो. शुद्धलेखनाचंही एक सांभाळा. शब्द सुटा असला किंवा समासाच्या शेवटी आला की तू दीर्घ: धातू, अधातू, मिश्रधातू. सुरुवातीला आला की ऱ्हस्व: धातुशास्त्र, धातुसदृश.

हा 'धातुसदृश' म्हणजेच तुमच्या उपधातूचं उत्तर. बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरियम ही मूलद्रव्यं आवर्तसारणीत धातू आणि अधातू यांच्यामधल्या पायऱ्यापायऱ्यांच्या रेषेलगत बसतात आणि दोन्हीकडचे गुण दाखवतात. हिंदी पाठ्यपुस्तकं त्यांना उपधातु म्हणतात, महाराष्ट्रातली धातुसदृश. मी दुसरा शब्द घेईन. उपधातू आयुर्वेदानं आधीच घेऊन ठेवला आहे, तोही दोन अर्थांनी. रस, रक्त, मांस वगैरे सात धातूंपासून शरीरात जे पुढे तयार होतं, उदाहरणार्थ स्तन्य म्हणजे आईचं दूध, ते उपधातू. आणि रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या धातू-खनिजांपासून औषधं करण्याच्या शाखेत, सुवर्णमाक्षिकासारखी खनिजं उपधातू. सुवर्णमाक्षिक म्हणजे तांबं, लोखंड आणि गंधक यांचं संयुग. मूलद्रव्य तर ते नाहीच. घरात कोणी वैद्य असले तर मुलांचा गोंधळ ठरलेला.

'तत्त्व' मात्र मराठीत अजिबात नको. आपल्याकडे तत्त्व म्हणजे सिद्धांत. 'तत्त्वाचा माणूस' आपण म्हणतो तो त्याच अर्थानं. सारणीतल्या ११८ जणांना मूलद्रव्यंच म्हणा.

या सारणीत संस्कृतचाही एक धागा आहे, तो प्रश्नमंजुषेत घालण्याजोगा. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हनं १८६९ साली सारणी मांडली तेव्हा काही घरं रिकामी राहिली. तिथे पुढे सापडतील अशा मूलद्रव्यांना त्यानं संस्कृत 'एक' लावून तात्पुरती नावं दिली: एका-अ‍ॅल्युमिनियम, एका-सिलिकॉन. पहिलं १८७५ साली गॅलियम म्हणून सापडलं, दुसरं १८८६ साली जर्मेनियम म्हणून.

या गॅलियमवरून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं व्याकरणापलीकडचं एक बघा. उत्तर तुम्ही 'पारा' धरलं असणार. पण गॅलियम २९.८ अंश सेल्सिअसला वितळतो आणि सिझियम २८.५ अंशांना. इंदूरच्या मे महिन्यात गॅलियमला हातात धरायचीही गरज नाही, टेबलावरच त्याचं पाणी होईल. एखादं चुणचुणीत पोर हे वाचून आलेलं असलं तर भर मंडपात वाद घालेल, आणि ते बरोबरही असेल. तेव्हा 'सामान्य तापमान' काढा आणि असं लिहा: '२५ अंश सेल्सिअसला कोणता धातू द्रवरूप असतो?' लगेच जोडप्रश्न: 'आणि कोणता अधातू?' त्याचं उत्तर ब्रोमीन.