बीएस६ पिकअपचा डीपीएफ प्रेशर सेन्सर कुठे असतो आणि तो आपला आपण बदलता येतो का?

तुमची गाडी २०२१ ची बीएस६ डिझेल पिकअप, काम नारायणगावच्या आसपास शेतातून मार्केटला माल पोचवायचं. चेक इंजिनचा लाईट लागलाय, गाडीला ओढ राहिली नाही, स्कॅनरवर पी२४५३ कोड आलाय आणि मेकॅनिक म्हणतोय सेन्सर गेला, बदलून टाका. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आणि हा सेन्सर त्याचा दाब मोजतो. सेन्सर तुम्हाला बदलता येईल, काम अवघड नाही. पण पैसे मोजायच्या आधी त्याच्या नळ्या बघा. डिझेल गाड्यांचं वायरिंग आणि स्कॅनर हेच माझं रोजचं काम आहे. हा कोड घेऊन आलेल्या बऱ्याच गाड्यांत सेन्सर ठणठणीत असतो, दोष नळीत निघतो. सेन्सरकडून येणारा आकडा पटत नाही, एवढंच हा कोड सांगतो. का पटत नाही, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

जागेबद्दल. लोक गाडीखाली झोपून सायलेन्सरवर शोधत बसतात. तिथे डब्यात आटे देऊन बसवलेले दिसतात ते बहुतेक तापमानाचे सेन्सर. त्यांना पाना लावू नका, गंजलेले असले तर तुटून आतच राहतात. आपला सेन्सर गरमीपासून लांब, वरच्या बाजूला ब्रॅकेटवर असतो. काडेपेटीएवढा काळा प्लास्टिकचा तुकडा, तीन वायरींचा कपलर आणि खाली दोन तोट्या. नेमकी जागा मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून उलटीकडून जा: डीपीएफच्या डब्यातून निघालेल्या दोन बारीक लोखंडी नळ्या धरा, पुढे त्यांना रबरी नळ्या जोडलेल्या असतील, त्या जिथे संपतात तिथे सेन्सर. काही गाड्यांत एकच नळी असते, दुसरी तोटी उघडी असते.

एक नळी फिल्टरच्या आधीचा दाब आणते, दुसरी नंतरचा. दोन्हीतल्या फरकावरून फिल्टरमध्ये किती काजळी अडकलीय ते कळतं. नळी चिरली, क्लिपमधून निसटली किंवा आत काजळी-पाणी साचलं, की आकडा चुकतो. इंजिन गार असताना रबरी नळी बोटांनी वाकवून बघा, चीर बहुतेक टोकाशी, क्लिपच्या खालीच सापडते. लोखंडी नळी चोंदली असेल तर आधी रबरी नळी सेन्सरवरून काढा आणि मगच वरून डब्याच्या दिशेने हवा मारा. सेन्सर जोडलेला असताना कॉम्प्रेसरची हवा मारलीत तर चांगला सेन्सरही जाईल.

नळ्या ठीक निघाल्या तर ही चाचणी करा. दोन्ही नळ्या सेन्सरवरून काढा, चावी ऑन करा, इंजिन बंदच ठेवा. स्कॅनरवर दाबातला फरक शून्याच्या जवळ दिसला पाहिजे, कारण दोन्ही तोट्यांवर बाहेरचीच हवा आहे. तरीही आकडा चढा दिसत असेल तर सेन्सर किंवा वायरिंग. कपलरमध्ये मीटर लावून ५ व्होल्ट आणि अर्थ नीट मिळतोय का बघा. मिळत असेल तर सेन्सर गेला म्हणायला हरकत नाही.

बदलताना चावी बंद करा आणि बॅटरीची मायनस काढा. नळ्या काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घ्या आणि एका नळीला चिकटपट्टी लावा. नळ्यांची अदलाबदल झाली तर फरक उलटा येतो आणि लाईट पुन्हा लागतो. कपलरचं लॉक दाबून ओढा, वायर धरून ओढू नका. एक-दोन बोल्ट काढले की सेन्सर हातात येतो. नवा घेताना जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवा. तोट्या खालच्या दिशेला राहतील असाच बसवा. नळीलाही मध्ये झोळ पडू देऊ नका, त्यात पाणी साचतं. रबरी नळी बदलायची असेल तर गरमी सोसणारीच घ्या, डिझेलची साधी नळी तिथे टिकत नाही.

आता जे बरेच जण विसरतात ते. कोड पुसून पुरत नाही. बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवरून ‘सेन्सर बदलला’ अशी नोंद करावी लागते, नाहीतर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जुन्याच हिशोबावर चालतो. त्यासाठी ज्याच्याकडे बरा स्कॅनर आहे त्याच्याकडे जा. ‘डीपीएफच उडवून देतो, कटकट मिटेल’ असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. ते बेकायदा आहे आणि दंड मालकाला बसतो.

तुमच्या फेऱ्या छोट्या आहेत, त्यामुळे रिजनरेशन (फिल्टरमधली काजळी तापवून जाळणं) अर्धवट राहून फिल्टर खरंच भरला असण्याचीही शक्यता आहे. डिपस्टिक बघा, ऑईलची पातळी वर चढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर तेच झालंय, मग ऑईलही बदला. सेन्सर बदलूनही आकडा चढाच राहिला तर स्कॅनर लावून उभ्या गाडीवर रिजनरेशन करून घ्यावं लागेल. ते गॅरेजवाल्याकडूनच, मोकळ्या सिमेंटच्या जागेत करून घ्या. आतलं तापमान तेव्हा ६०० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे गाडीखाली वाळलं गवत किंवा कडबा नको.