मॉकमध्ये (सराव पेपरात) ५५० येतात, मग खऱ्या नीटमध्येही (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत) तेवढेच येतील का?

एका मॉकवरून काही सांगता येत नाही रे. शेवटच्या सात-आठ फुल सिलॅबस पेपरांची सरासरी बघ, आणि तीही दुपारी २ ते ५ बसून, ओएमआर (गोल रंगवायची उत्तरपत्रिका) भरून दिलेल्या पेपरांची, घरी मध्येमध्ये उठत सोडवलेले मी तरी धरणार नाही. पुण्यातले काही क्लास फिजिक्स मुद्दाम अवघड काढतात, म्हणून मागच्या वर्षांचे खरे पेपर पण लाव. मार्क तसेही दरवर्षी हलतात, २०२४ ला ७२० पैकी ७२० वाले कितीतरी होते आणि २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६, त्यामुळे मोठ्या टेस्ट सिरीजमधली रँक जास्त खरं सांगते. आणि तुक्क्याने बरोबर आलेले प्रश्न वेगळे मोज, तिथे चुकले की ४ मिळत नाहीत आणि वर १ कापला जातो.