‘डिजिटल’ पाटी पुरेशी आहे का?

प्रश्न : वय ४६. बार्शीत ‘डिजिटल मॅमोग्राफी’ची (स्तनांच्या एक्स-रे तपासणीची) पाटी पाहिली. तिथला स्टाफ शिकलेला आहे का, हे कसं विचारू?

उत्तर : ताई, सरळ विचारा, तो तुमचा हक्क आहे. पन्नाशीच्या आत स्तन बहुधा दाट असतात, म्हणजे त्यात चरबी कमी आणि ग्रंथी जास्त; तिथे डिजिटल तंत्र जुन्या एक्स-रे फिल्मपेक्षा सरस ठरतं. पण यंत्र फोटो काढत नाही, तंत्रज्ञ काढतो. रिपोर्ट लिहिताना तिरक्या फोटोत छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलाय का, हे मी आधी पाहते. नसेल तर काखेकडचा भाग सुटलेला असू शकतो, आणि गाठी बऱ्याचदा तिकडेच असतात! म्हणून तंत्रज्ञाचा रेडिओग्राफीचा डिप्लोमा किंवा पदवी, मॅमोग्राफीचा सराव आणि एक्स-रे यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आहे का, ते विचारा. रिपोर्टवर रेडिओलॉजिस्टची (असे फोटो वाचणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरची) सही हवी. स्त्री तंत्रज्ञही आधीच फोनवर मागा.