पाळलेल्या कोंबडीचा तळपाय सुजलाय, मधोमध काळी खपली आहे. गाठ घरीच फोडू का?

नको. सुईने टोचू नका, दाबूनही बघू नका.

तुम्ही लिहिलंय की कोंबडी गच्चीवर मोकळी असते, दोन-चार दिवसांपासून एक पाय उचलून धरते, तळव्याला काळी खपली आहे आणि तिच्याभोवती टणक, गरम सूज आहे. यावरून तरी हे बंबलफूट वाटतं. पोल्ट्रीवाले आणि जनावरांचे डॉक्टर दोघंही हाच शब्द वापरतात. तळव्याला कुठेतरी बारीक खरचटतं, त्यातून जिवाणू आत शिरतात (बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस) आणि वरून खपली धरते. हा जिवाणू माणसालाही त्रास देऊ शकतो, तेव्हा पायाला हात लावताना हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. मुलांना लांब ठेवा.

फोडू नका म्हणण्याचं कारण सांगतो. आपल्याला गळू झालं की ते पिकतं, फुटतं आणि पू वाहून जातो. कोंबडीचा पू असा पातळ होत नाही. तो विरघळवणारी काही एन्झाइम्स तिच्या पांढऱ्या पेशींत नसतात, त्यामुळे आत खव्यासारखा घट्ट, पिवळट गोळा तयार होतो. तुम्ही दाबलात तर बाहेर काहीच येणार नाही, उलट घाण आणखी आत, पायाच्या कंडरांकडे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांकडे) आणि हाडाकडे ढकलली जाईल. एकदा हाडाला लागलं की मग बरं करणं फार अवघड.

आधी नीट बघून घ्या. संध्याकाळी ती खुराड्यात बसल्यावर हळूच उचला, टॉवेलात सैल गुंडाळा आणि मांडीवर घ्या. छाती आवळू नका; कोंबडीला श्वास घ्यायला छातीचं हाड हलावं लागतं, घट्ट धरली तर ती गुदमरते. आता टॉर्चच्या उजेडात तळवा बघा. खपली मसुराएवढी असेल, सूज तळव्यापुरतीच असेल आणि कोंबडी खात-पीत असेल, तर घरी काळजी घेण्यासारखं आहे. सूज बोटांच्या मध्ये किंवा वर घोट्याकडे चढली असेल, ती खात नसेल, बसूनच राहत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

बोटांना काही गुंडाळलंय का तेही तपासा. शहरात मांजा आणि बायकांचे लांब केस कोंबडीच्या बोटाला असे आवळून बसतात की वरून नुसती सूज दिसते, दोरा दिसतच नाही. दोन्ही पायांचे खवले उचलले गेलेत आणि खाली पांढरी पापडी धरलीय, तर ते खवल्यांतले किडे असतात. त्याचा इलाज वेगळा. एकाच वेळी दोन-तीन कोंबड्यांचे सांधे गरम होऊन सुजले तर तो संसर्गाचा आजार असू शकतो, डॉक्टरच लागतील. आणि पाय लाल-जांभळे पडून कोंबड्या पटापट मरायला लागल्या, तर कशालाही हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. देशातला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नवापूरला, 2006 साली. तुमच्या वर्णनात तसलं काही नाही, घाबरू नका.

आता घरी काय करायचं ते. टबात पाय बुडेल इतकं कोमट पाणी घ्या, आपल्या मनगटाला सोसेल असं. लिटरला मोठा चमचाभर एप्सम सॉल्ट घाला. ते मेडिकलमध्ये मिळतं; खतांच्या दुकानातलं मॅग्नेशियम सल्फेट नको. पंधरा-वीस मिनिटं पाय त्यात राहू द्या. ते पाणी तिला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. कोमट पाण्यात बऱ्याच कोंबड्या पेंगायला लागतात, त्यामुळे हे काम वाटतं तितकं कठीण नाही.

मग पाय कोरडा करा आणि एका भागाला दहा भाग पाणी घालून पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडिनने पुसा. भिजून मऊ झालेली खपली आपणहून सुटत असेल तर सुटू द्या. ओढून काढली की रक्त येतं आणि जखम नव्याने सुरू होते. कधीकधी खपलीबरोबर आतला गोळाही अख्खा निघतो, तळाशी गुलाबी मांस दिसतं, हे उत्तम. नाही निघाला तर तो कापून काढायचं काम डॉक्टरांचं, ते भूल देऊन करतात. इंटरनेटवर लोक ब्लेडने घरीच कापताना दिसतात. मला ते पटत नाही. कोंबडी ओरडत नाही म्हणजे तिला दुखत नाही असं नाही, ती दुखणं लपवते.

जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिन किंवा पोव्हिडोन आयोडिनचं मलम लावा. नावाच्या शेवटी ‘केन’ असलेलं बधिर करणारं औषध मलमात नको, पक्ष्यांना ते बाधू शकतं. हळद, चुना, राख हे उघड्या जखमेत भरू नका. वर गॉजची चौकोनी घडी ठेवा, आणि पट्टी बोटांच्या मधून फिरवत घोट्याच्या वर एक वेढा देऊन संपवा. पट्टी बांधल्यावर बोटांचे शेंडे थंड किंवा निळसर पडले तर ती घट्ट झालीय, लगेच सोडा. रोज किंवा एक दिवसाआड बदला, भिजली तर त्याच क्षणी.

घरातली दुखण्याची गोळी बारीक करून देण्याचा मोह होतो, तो आवरा. डायक्लोफेनॅक हे असंच दुखण्याचं औषध; ते दिलेल्या जनावरांचं मेल्यावर मांस खाऊन आपली गिधाडं किडन्या निकामी होऊन मेली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली ती त्यामुळेच. अँटिबायोटिकही वजन बघून डॉक्टरच ठरवतील. त्यांना एवढं मात्र विचारा की औषध चालू असताना आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत.

तालुक्याच्या दवाखान्यात कोंबडी नेली की काही ठिकाणी हसतात, तरी न्या. 1962 या नंबरवर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. मुंबईत असाल तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

पण एवढं करूनही गच्ची तीच राहिली तर पाय पुन्हा सुजणार. आमच्याकडे कोकणात जांभ्याच्या अंगणात हेच होतं: दगड खरखरीत, पावसाळ्यात चार महिने ओल, आणि कोंबडी उंचावरून धपकन उडी मारते. सिमेंटची गच्ची जांभ्याच्या वरताण. ती टाकीवर किंवा कठड्यावर चढून बसत असेल तर तो रस्ता आधी बंद करा. बसायची दांडी दीड फुटाहून उंच नको, आणि बारीक गोल काठीऐवजी दोन इंच रुंद, कडा घासून गोल केलेली पट्टी द्या. खाली भाताचं तूस जाड पसरा आणि ओलं झालं की काढा. पाय बरा होईपर्यंत तिला एका खोक्यात तुसावरच ठेवा, दांडी नको. इतर कोंबड्या असतील तर त्या दिसतील अशी ठेवा, एकटी पडली की खाणं सोडते.

नुसत्या तांदळाच्या कण्यांवर असेल तर तेही बदला. अ जीवनसत्त्व कमी पडलं की तळव्याची कातडी कमकुवत होते. शेवग्याचा पाला चिरून द्या, त्या आवडीने खातात. गिरिराज, वनराज किंवा ब्रॉयलरसारखी जड जात असेल तर वजनही बघा, सगळा भार त्या दोन तळव्यांवरच असतो.

लहान जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. जुनी, खोल गेलेली असेल तर थोडं लंगडणं राहू शकतं, पण अशा कोंबड्याही पुढे व्यवस्थित जगतात, अंडी देतात. कोंबडी कोणत्या जातीची आहे आणि काय खाते ते लिहा, आणि तळव्याचा फोटो खालून, उजेडात काढून टाका.