आजोबा नाहीत, मग नाताळ कशाला?

सानू बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. तू विचारलंयस की शेजारच्या जोशी काकू म्हणाल्या ज्या घरात माणूस गेलंय तिथे वर्षभर सण करत नाहीत, आणि आपली आजी मात्र परवापासून खोबरं किसतेय, आत्याला माळ्यावरून चांदणी काढायला लावतेय, मग आजीला आजोबांचं वाईट वाटत नाही का. आणि शेवटी घाईघाईत हळूच विचारलंस की संडे स्कूलमध्ये सांगतात देव आपल्याबरोबर आहे, मग आजोबा आयसीयूत होते तेव्हा तो कुठे होता. फोनवर हे सगळं नीट बोलता येत नाही, मध्येच तुझा क्लास, मध्येच माझी ड्यूटी, म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, दोनदा वाच, कळलं नाही तर आत्याला विचार.

आधी जोशी काकूंचं. काकू बरोबरच बोलल्या, त्यात वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्या मराठी माणसांत ही रीतच आहे, घरात कोणी गेलं की पहिलं वर्ष सणवार करायचे नाहीत, दिवाळीला त्या घरात कढई चढत नाही, पण त्या घरातल्या पोरांनी फराळाशिवाय राहायचं असंही नाही, शेजारपाजारचे डबे भरून आणून देतात. मला ही रीत फार आवडते खरं सांगायचं तर. आणि आठव, आजोबा गेले त्या दिवशी आपल्याकडे गॅस पेटला नव्हता तर संध्याकाळी पिठलं-भाकरी कोणी आणली होती? काकूंनीच. तू जेवत नव्हतीस म्हणून तुला जवळ घेऊन घास भरवले त्यांनी. आपण चर्चला जातो म्हणून आपली रीत काही वेगळी झाली नाही, आपल्या मंडळीतही कितीतरी घरं पहिल्या वर्षी नवे कपडे घेत नाहीत, कॅरोल पार्टीवाल्यांना सांगतात बाबांनो या वर्षी ढोलकी नको, नुसतं एक गीत म्हणा आणि प्रार्थना करून जा.

गंमत म्हणजे आपल्याच पंचहौदाच्या मिशनमध्ये १८९० साली लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळी गेली आणि मिशनऱ्यांकडचा चहा प्यायली म्हणून पुण्यात केवढा गहजब झाला होता, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, टिळकांना आणि रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कप चहासाठी! आणि आज तू काकूंच्या किचनमध्ये जाऊन डब्यातला चिवडा खाऊन येतेस. असो, विषय भलतीकडे गेला.

तर आजी नाताळ का करते. सानू, तू नाताळ म्हणजे केक, एमजी रोडची लायटिंग, नवा फ्रॉक असं धरून चालली आहेस, तुझं वयच आहे तसं. पण गोष्ट नीट बघ ना. मरीया आणि योसेफ नासरेथहून बेथलेहेमला का गेले, हौस म्हणून नाही, सम्राटाने नावनोंदणीचा हुकूम काढला म्हणून, तेही नऊ महिन्यांच्या पोटुशीला घेऊन. तिथे उतरायला जागा नाही, बाळाला गव्हाणीत ठेवलं, म्हणजे जनावरांचा चारा टाकतात त्यात. तुम्ही पोरं क्रिबला, म्हणजे त्या गव्हाणीच्या देखाव्याला, चमकी लावता, छान दिसतं, पण मॅटर्निटीत काम केलेल्या माझ्यासारखीला ते वाचताना अंगावर काटा येतो. पुढे हेरोद राजा बेथलेहेममधले दोन वर्षांच्या आतले मुलगे मारायला लावतो, आणि हे तिघं रातोरात मिसर देशात पळून जातात. हे सगळं नाताळच्याच गोष्टीत आहे, फक्त शाळेच्या नाटकात दाखवत नाहीत. म्हणजे सगळं चांगलं चाललं होतं म्हणून देव आला असं त्या गोष्टीत कुठेच नाही. काहीच धड चाललं नव्हतं तेव्हा आला. मग ज्या घरात दुःख आहे त्या घराने नाताळ करायचा नाही तर कोणी करायचा? आजी असं बोलून दाखवणार नाही, तिला विचारलंस तर म्हणेल 'प्रभूचा जन्म काय आपल्या सोयीने होतो का गं', पण अर्थ तोच.

आणि आजोबांनीच तिला हे लावलंय. पानशेतची गोष्ट तू तुकड्यातुकड्यात ऐकली असशील. १२ जुलै १९६१. आजोबा तेव्हा तुझ्याएवढे, कसब्यात नदीच्या अंगाला भाड्याच्या दोन खोल्या. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचंही गेलं, आणि नदी पेठांमध्ये शिरली. माणसं वाचली घरातली, वाडा नाही वाचला. सामानात काय उरलं तर पणजींनी कमरेला खोचलेल्या किल्ल्या, आणि ज्या कुलपांच्या त्या किल्ल्या ती कुलपंच वाहून गेलेली. पुण्याला पाणी खडकवासल्यातूनच यायचं, ते धरणच नाही राहिलं तर नळाला काय येणार, लोक पेठांमधल्या जुन्या विहिरी उपसत होते, कात्रजवरून आणलेल्या पेशव्यांच्या वेळच्या पाण्यावर हौदांपाशी रांगा लागायच्या. पुरात चिखल आणि पुरानंतर प्यायला पाणी नाही.

त्या वर्षी डिसेंबरात सगळे तात्पुरत्या पत्र्याच्या खोलीत. पणजोबा म्हणाले या वर्षी नाताळ नाही, माझ्याच्याने होणार नाही. पणजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी बांबूच्या कामट्या कुठून तरी आणल्या, सुतळीने बांधून दोन त्रिकोण एकमेकांत अडकवले, पतंगाचा कागद कुठला मिळायला, जुन्या वर्तमानपत्राला हळदीचं पाणी लावून वाळवलं, ते मैद्याच्या खळीने चिकटवलं, आणि आत कंदील टांगला. आजोबा सांगायचे की बातम्यांची अक्षरं उजेडात उलटी दिसायची, आणि त्यांना त्यात पुराच्या बातम्या वाचता यायच्या. रांगेतल्या सगळ्या खोल्यांतली पोरं बघायला आली, अर्ध्यांना येशू कोण तेही माहीत नव्हतं. काहीतरी लागलंय म्हणून आली. तेव्हापासून चांदणी आजोबांचं खातं, विकतची प्लास्टिकची त्यांनी कधी दारात येऊ दिली नाही, तुला माहितीच आहे किती कटकट करायचे.

आता तुझा मोठा प्रश्न. तेव्हा देव कुठे होता.

हे बघ, लोक तुला पटकन उत्तरं देतील. 'देवाची इच्छा', 'चांगली माणसं देवाला आवडतात', 'होतं ते बऱ्यासाठी'. अंत्यविधीला आलेल्या एका बाईंनी हे तुझ्या आजीला ऐकवलं तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर होते आणि मला फोनमधून हात घालून त्यांना गप्प करावंसं वाटलं. बायबलमध्ये ईयोबाची गोष्ट आहे, त्याचं सगळं गेलं, मुलंबाळं, गुरंढोरं, अंगभर फोडं. त्याचे मित्र भेटायला आले आणि सात दिवस सात रात्री नुसते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तिथपर्यंत उत्तम. मग त्यांनी तोंड उघडलं, तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणून त्याला समजवायला लागले, आणि पुढे देवच त्यांच्यावर चिडला. त्यामुळे आजोबा का गेले याचं उत्तर मी तुला बनवून देणार नाही. हार्ट कमजोर होतं, किडनीने साथ सोडली, नर्स म्हणून एवढं सांगू शकते, त्याच्यापुढचा 'का' मलाही देवालाच विचारायचाय.

पण 'कुठे होता' याबद्दल थोडं बोलू शकते. आपल्याकडे कोणी गेलं की लोक भेटायला येतात ना, चपला काढतात, सतरंजीवर बसतात, चहा नको म्हणतात, अर्धा तास काही न बोलता बसून उठून जातात. तू वैतागून मला विचारलं होतंस की ही माणसं येऊन करतात काय. काहीच करत नाहीत. गेलेलं माणूस परत आणत नाहीत, हॉस्पिटलचं बिल भरत नाहीत, पण ती आली नसती तर आजी त्या खोलीत एकटी बसली असती. मला नाताळ असा कळतो. देव वरून सांगून मोकळा झाला नाही की काळजी करू नका, तो चपला काढून आत आला आणि आपल्यात बसला, आणि पुढे स्वतः मरणसुद्धा सोसलं. येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा येशूला माहीत होतं की आपण याला उठवणार आहोत, तरी कबरेशी जाताना तो रडला. मला ती ओळ सगळ्यात जास्त आधार देते, का ते मी नीट सांगू शकणार नाही. पाच मिनिटांत जे ठीक होणार आहे त्याच्यासाठी कोण रडतं? जो खरंच आपल्याबरोबर असतो तोच.

२०२० चा नाताळ तुला आठवणार नाही, तू बारकी होतीस. मी तेव्हा पुण्यातच कोविड वॉर्डला होते. बावीस डिसेंबरपासून रात्री अकरानंतर संचारबंदी लागलेली, त्यामुळे बाराची उपासनाच नाही, संध्याकाळी उरकायची आणि चर्चमध्ये पन्नासच माणसं. मला तीही नाही मिळाली, चोवीसच्या रात्री पीपीई किट घालून वॉर्डमध्ये. एक आजोबा होते, नारायण पेठेतले, सत्तरीचे, श्वासासाठी बायपॅपचं मशीन लावलेलं, घरचं कोणी आत येऊ शकत नव्हतं. मी सॅच्युरेशन बघून पुढे निघाले तर त्यांनी किटची बाही धरली, मास्कमुळे आवाज येईना, हाताने खुणेने सांगितलं, बस. मी बसले. बारा वाजले असतील, मी मनातल्या मनात बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणत होते, मृत्युछायेच्या दरीतून चाललो तरी तू बरोबर आहेस ते, आणि त्या आजोबांचे ओठ हलत होते, बहुतेक रामरक्षा. मी काही त्यांना विचारलं नाही. ते पुढे बरे होऊन घरी गेले, पण त्याच आठवड्यात शेजारचे दोन बेड रिकामे झाले आणि मी त्या दोघांजवळही बसले होते. म्हणून मी असं नाही म्हणणार की देव बरोबर असला की माणूस वाचतं. आजोबांच्या शेवटच्या रात्री आयसीयूतली सिस्टर केरळची होती, तिने आत्याला सांगितलं की बाबा शांत होते, मी त्यांचा हात सोडला नाही. मी इथे डब्लिनमध्ये दुसऱ्याच कोणाच्या आजोबांचा हात धरून होते तेव्हा. माझ्या मते देव तिथे होता. पुरावा मागितलास तर माझ्याकडे नाही.

आणि केडगावला मुक्ती मिशनला शाळेची ट्रिप गेली होती ना, ते मिशन ज्यांनी काढलं त्यांचं बघ. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, बहीण गेली, भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तर नवरा कॉलऱ्याने. मग १८९६-९७ च्या दुष्काळात ह्याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरी घेऊन आल्या, पुण्यात प्लेगची धरपकड चालू झाली तर त्यांना केडगावच्या माळावर नेलं. शेवटी १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाई पुढच्या एप्रिलमध्ये गेल्या, तोवर बायबलच्या मराठी भाषांतराचं काम धरूनच होत्या. ज्या बाईने एवढं बघितलं ती देव बरोबर आहे म्हणते तेव्हा मी ऐकून घेते, तिला सोपं गेलं असेल असं तरी कोणी म्हणू शकत नाही.

आजोबा आपल्याला परत भेटणार, ख्रिस्त उठला म्हणून तेही उठणार, हे मी मानते, आजीही मानते. पण त्यामुळे आज आठवण यायची थांबत नाही, आणि थांबायलाही नको. दोन्ही एकत्र चालतं.

तर या वर्षीचं असं करा. चांदणी लावायची, कामट्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेमागे आहेत, पांढराच कागद लावा, मंडईजवळ मिळेल, खळ घट्ट शिजव नाहीतर कागद सुरकुततो. करंज्या थोड्याच होऊ देत, आजीचे गुडघे बघ आधी, साटा लावायचं काम तू घे आणि कातण्याने कापायचं आत्याला दे. जोशी काकूंकडे ताट पाठवायच्या आधी सरळ विचार की काकू चालेल ना, त्या घेतील असं मला वाटतं, नाही घेतलं तरी तोंड पाडू नकोस. पंचवीसला उपासना झाली की कबरेवर शेवंती न्या.

बाराची उपासना तिकडे चालू होईल तेव्हा इकडे संध्याकाळचे साडेसहा, माझी नाइट आठला, तर तासभर मी व्हिडिओवर आहे, फोन चार्ज करून ने आणि कॅमेरा छताकडे धरू नकोस गेल्या वेळसारखा. उपासनेत आजी रडेल, पेटीवर आजोबांच्या आवडीचं भजन लागलं की नक्कीच. तेव्हा पाणी आणायला वगैरे पळू नकोस, काही समजवू नकोस, तिच्या शेजारी बसून राहा, आणि तुला रडू आलं तर तूही रड. स्वेटर घालून जा, पंचहौदाला रात्री गारठा असतो आणि तुझा घसा लगेच धरतो, कफ सिरप फ्रिजवरच्या डब्यात आहे.

तुझी मम्मी