साक्षीदार खरा की साक्ष खरी?

प्रश्न : एखाद्या ऐतिहासिक कागदाच्या अस्सलपणावरून वाद पेटला की ‘मी स्वतः पाहिले आहे’ असे ठामपणे सांगणारा कोणीतरी पुढे येतो. त्याच्या बोलण्यात गोंधळ नसेल आणि पैशाचा लाभही दिसत नसेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा काय?

उत्तर : तेवढ्यावरून ठेवू नये. या दृष्टीने फ्रान्समधील ड्रेफस प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. 1894 मध्ये पॅरिसच्या जर्मन वकिलातीतून एक निनावी चिठ्ठी फाडलेल्या अवस्थेत फ्रेंच लष्कराच्या हेरखात्याच्या हाती लागली. तीत लष्करी माहिती पुरवल्याचा उल्लेख होता आणि अक्षर कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याचे आहे असे ठरवून त्याच्यावर खटला भरण्यात आला.

त्या खटल्यात हेरखात्यातील मेजर आंरी याने छातीठोकपणे सांगितले की, एका प्रतिष्ठित व्यक्तीने आपल्याला गद्दाराविषयी आधीच सावध केले होते. त्या व्यक्तीचे नाव विचारल्यावर मात्र, अधिकाऱ्याच्या डोक्यातली काही गुपिते त्याच्या टोपीलाही कळू द्यायची नसतात, अशा अर्थाचे उत्तर देऊन तो मोकळा झाला. साक्ष बाणेदार होती, पण पडताळून पाहता येईल असा एकही धागा तीत नव्हता, आणि खरे तर संशय तेथेच यायला हवा होता. याच आंरीने 1896 मध्ये ड्रेफसविरुद्ध आणखी एक पत्र पैदा केले. 1898 च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन क्विन्ये ते पत्र दिव्याच्या उजेडात न्याहाळत असताना त्याच्या ध्यानात आले की, मायना आणि सही असलेल्या तुकड्यांवर चौकटींच्या रेषा एका रंगाच्या आहेत, तर मधल्या मजकुराच्या तुकड्यांवर दुसऱ्याच. म्हणजे दोन कागद चिकटवून एक पत्र केलेले होते. आंरीने बनाव कबूल केला आणि दुसऱ्याच दिवशी तो कोठडीत मृतावस्थेत सापडला. यात पैशाचा संबंध नव्हता. आपल्या खात्याचे म्हणणे खोटे पडू नये ही ओढ पुरेशी होती.

याउलट लष्करी अधिकारी पिकार. ज्यूंविषयी त्याचे मन मुळीच स्वच्छ नव्हते आणि ड्रेफस दोषी आहे असे तोही धरून चालला होता. पण 1896 मध्ये, हेरखात्याचा प्रमुख असताना, एस्तराझी या अधिकाऱ्याची पत्रे त्याच्यासमोर आली, तेव्हा ते अक्षर त्याने मूळ चिठ्ठीशी ताडून पाहिले, दोन्ही एकाच हातची असल्याचे त्याला दिसले आणि त्याने ते वरिष्ठांच्या कानावर घातले. परिणामी त्याची ट्युनिसियाला रवानगी झाली, पुढे तुरुंगवासही घडला. आपल्याच समजुतीविरुद्ध जाणारी आणि आपलेच नुकसान करणारी साक्ष अधिक वजनाची मानावी ती यासाठी. 1906 मध्ये तो युद्धमंत्री झाला हे खरे. परंतु दहा वर्षे आधी त्याला याची चाहूल लागणे शक्य नव्हते.

मला सर्वांत अवघड वाटतो तो पॅरिस पोलिसांच्या ओळखशाखेचा प्रमुख आल्फोन्स बर्तियाँ, कारण त्याला खोटारडा म्हणता येत नाही. चिठ्ठीतले अक्षर जेथे ड्रेफसच्या अक्षराशी जुळत नव्हते, तेथे ड्रेफसने मुद्दाम स्वतःच्याच अक्षराची बनावट केली आहे, असे त्याचे प्रामाणिक मत होते. जुळले तरी पुरावा आणि न जुळले तरी पुरावाच, अशा मांडणीला चूक ठरण्याची वाटच उरत नाही, आणि अशा वेळी साक्षीदाराची नियत तपासत बसण्यापेक्षा त्याची रीत तपासणे बरे. ते काम 1904 मध्ये प्वँकारे, दार्बू आणि आपेल या गणितज्ञांनी केले, आणि बर्तियाँची सारी आकडेमोड त्यांनी निराधार ठरवली.