कोंडेन्समिल्श म्हणजे मिल्कमेड नव्हे

ताई म्हणालीस, म्हणून सरळ अगं-तुगं करते. तुझं म्हणणं असं, की ऑक्टोबरात नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे जर्मनीत श्टुटगार्टला यायचंय, नाशकात तू घरून बिनअंड्याचे केक करून देतेस, तर तिकडे मिल्कमेड मिळतं का? आणि परदेशी रेसिप्यांमध्ये जे इव्हॅपोरेटेड मिल्क लिहिलेलं असतं, ते तेच की वेगळं? नसलं मिळत तर सहा डबे सामानात टाकते म्हणतेस.

आधी डब्यांचं. आणू नकोस. युरोपियन युनियनच्या बाहेरून येताना दूध आणि दुधाचे पदार्थ घरच्या वापरासाठीसुद्धा आणू देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या दुधाला तेवढी सवलत आहे. बॅग उघडली तर डबे कस्टमपाशीच राहतील. तुपाची बरणीही त्यातच आली, हे सासूबाईंना आणि आईला आत्ताच सांगून ठेव, निघायच्या आदल्या रात्री वाद नको. तुपाला इथे बुटरश्माल्त्स मिळतं. आपल्या कढवलेल्या तुपाचा खमंग वास त्याला नाही, पण काम चालतं.

आता दुधाचं. आपल्याकडे कंडेन्स्ड मिल्क म्हटलं की ते गोडच असतं. मिल्कमेड नाहीतर अमूलचं मिठाई मेट. बिनगोडाचं आटवलेलं दूध डब्यात मिळतं हे मला तरी इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. जर्मनीत नेमकं उलटं आहे. इथे नुसतं 'कोंडेन्समिल्श' म्हटलं की ते बिनसाखरेचं, कॉफीत घालायचं दूध. अमेरिकन लोक ज्याला इव्हॅपोरेटेड मिल्क म्हणतात तेच हे. नाव ओळखीचं आणि आतला माल परका, म्हणून सगळे इथेच फसतात.

मीही फसले. इथल्या ऑफिसात ज्याचा वाढदिवस त्यानेच केक न्यायचा असतो. माझा पहिलाच वाढदिवस, तोही नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात. दुकानात कॉफीच्या फडताळावर कोंडेन्समिल्श दिसलं, भाषा अर्धीकच्ची, डबा उचलला. घरी ओतलं तर मिल्कमेडसारखी जाड दोरी पडेना, चहाच्या दुधासारखं भसकन पडलं. इथेच थांबायला हवं होतं! मला वाटलं, इकडचं पातळच असेल. पाव किलो मैदा, 100 ग्रॅम लोणी आणि हे दूध. वेगळी साखर नाहीच, कारण आपल्या रेसिपीत ती नसतेच. भट्टीतून जे निघालं तो पांढराफटक, चिवट पाव होता. ऑफिसातल्या मंडळींनी एक अक्षर न बोलता त्यावर स्ट्रॉबेरीचा जॅम फासून खाल्ला. वर एकीने हा भारतीय ब्रेड कसा करतात ते विचारलं.

दोन्ही दुधांची सुरुवात एकच, पाणी उडवून आटवायचं. पुढे वाटा वेगळ्या होतात. गोड दुधात साखर इतकी असते की तीच त्याला टिकवते, आपल्या मुरांब्यासारखी. बिनगोडाच्या दुधाला साखरेचा आधार नाही, म्हणून डबा बंद करून तो कडक तापवून निर्जंतुक करतात. त्याचा तो किंचित पिवळसर रंग आणि उकळल्या दुधाचा वास त्यातूनच येतो. आता केकचं गणित बघ. 400 ग्रॅमच्या गोड डब्यात दीडशे ग्रॅमच्या वर साखर असते. बिनअंड्याच्या केकची गोडी, ओलावा, वरचा तांबूस रंग, सगळं त्या डब्यावर उभं असतं. तो बदलला की केक बसलाच.

दुकानात ओळखायचं कसं? 'गेत्सुकर्टं' हा शब्द शोध, म्हणजे साखर घातलेलं. तो नसेल तर डबा खाली ठेव. शब्द वाचायचा कंटाळा आला तर मागच्या तक्त्यात 'दाफोन त्सुकर', म्हणजे त्यातली साखर, ही ओळ बघ. 'त्सुकर' हा झेडने सुरू होणारा शब्द. 100 ग्रॅमला दहाच्या आसपास आकडा असेल तर ते कॉफीचं, पन्नाशीच्या वर असेल तर आपलं. पुढच्या बाजूला 4, 7,5 किंवा 10 टक्के लिहिलेलं असतं ती स्निग्धता (दशांशाला इथे स्वल्पविराम देतात, साडेसात वाच). अमेरिकन रेसिपीत इव्हॅपोरेटेड मिल्क असेल तर साडेसातचं घे. 4 टक्केवालं बेकिंगला घेऊच नये, असं माझं मत.

आणि गंमत म्हणजे तुझं मिल्कमेड इथे आहेच! नेस्लेचंच, नाव 'मिल्शमेट्शन', म्हणजे शब्दशः गवळण. डब्यातही मिळतं आणि टूथपेस्टसारख्या ट्यूबमध्येही. कॉफीपाशी नसलं तर बेकिंगच्या सामानात बघ. मला परवडतं ते रशियन दुकानातलं. त्यांच्याकडे याला 'स्गुश्योन्का' म्हणतात आणि त्यांचं त्यावर आपल्याइतकंच प्रेम आहे. मात्र डबा बघून घे, काही आधीच उकळून तपकिरी केलेले असतात, ते केकला नकोत. एशियन दुकानातले स्वस्त डबे घेताना घटक वाच, काहींत दुधाच्या सायीऐवजी पामतेल असतं.

रविवारी इथे दुकानं बंद. घरात फक्त कॉफीचं दूध असेल तर 200 ग्रॅमला 180 ग्रॅम साखर घालून मंद आचेवर विरघळव, पाचेक मिनिटं ढवळत आटव आणि पूर्ण गार कर. केकला चालतं. नारळाच्या वड्यांना नाही, त्या आळतच नाहीत, मी दोनदा हात पोळून घेतलेत.

बिनगोडाचं दूध वाईट नाही बरं. साध्या दुधात घालून आटवलं तर बासुंदी अर्ध्या वेळात होते. आणि खरवस! चीक इथे कुठून आणणार? गोड दूध, बिनगोडाचं दूध आणि घट्ट दही (ग्रीक योगर्ट) सारख्या मापाने घोटून, वेलची-जायफळ घालून, पाण्याच्या परातीत ठेवून भट्टीत 150 अंशांवर आळू दे. चिकाची सर नाही, पण गणपतीला आलेली मंडळी पातेलं चाटून जातात. उघडलेलं बिनगोडाचं दूध मात्र साध्या दुधासारखंच नासतं, फ्रिजमध्ये ठेव आणि दोन-तीन दिवसांत संपव.

बाकीचं थोडक्यात: मैद्याला 405 नंबरचं पीठ घे. सोडा 'नाट्रोन' नावाने मिळतो. बेकिंग पावडरची एक पुडी अर्ध्या किलो पिठाला असते, सगळी एका केकात रिकामी करू नकोस. भट्टीवर पंख्याचं चित्र असेल तर रेसिपीपेक्षा 20 अंश कमी लाव. आणि नवऱ्याचा वाढदिवस कधी असतो ते कळव, तो केक तुलाच करावा लागणार आहे.